फाटकापासून दारापर्यंतचे दिवे

पेरुंगुडी, चेन्नई
२६ ऑगस्ट २००७

प्रिय सावनी,

मागच्या रविवारी फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. बागेतल्या दिव्यांचं काय झालं, आणि तुमच्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात बदलीसाठी अर्ज दिला का. दिव्यांचं चाललंय, असं मी म्हणालो. दुसरा प्रश्न मी टाळला. मग तू कुशलच्या शाळेचं सांगत बसलीस. बोलताना मला सुचत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून लिहितो. आधी दिव्यांचं लिहितो, कारण ते मला नीट सांगता येईल.

फाटकापासून दारापर्यंतचे दिवे तुझ्या आईने लावून घेतले ते दलदलीकडून सापकिरडू येतं म्हणून. त्यांचं बटण स्वयंपाकघराच्या खिडकीशी आहे. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की ती ते दाबायची. जानेवारीत ती गेली, आणि तेव्हापासून बाग अंधारातच होती. मी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने येतो तोवर रात्र होते. कुलूप चाचपडत उघडायचो. तू म्हणालीस, बाबा, दिवे आपोआप लागतील असं काहीतरी बसवून घ्या, चोरांना कळतं घरात कोणी नाही ते, आणि पुढे भाडेकरूलाही बरं पडेल. पटलं. वेंकट म्हणून एक वायरमन आहे, त्याला बोलावलं.

पहिल्यांदा टायमर लावला. पण इथे वीज जाते, आणि वीज गेली की टायमरचं घड्याळही थांबतं. थोड्याच दिवसांत तो इतका मागे पडला की मी अंधारात आत यायचो आणि जेवायला बसलो की बाहेर दिवे लागायचे. मग उजेड पाहून चालणारा सेन्सर आणला. वेंकटने तो दिव्याच्या खांबावरच बसवला. मीही पाहिलं आणि मान हलवली. कारखान्यात माझं काम दुसऱ्यांच्या चुका शोधायचं, पण ही मला दिसली नाही. अंधार पडला की दिवा लागे, त्याच दिव्याचा उजेड सेन्सरवर पडे, त्याला वाटे दिवस उजाडला, की दिवा बंद. पुन्हा अंधार, पुन्हा दिवा. वेंकट म्हणाला, "सार, तुमच्या बागेतल्या मांजरांना डिस्को झाला!" बऱ्याच दिवसांनी मी हसलो. मग त्याने सेन्सर मागच्या भिंतीवर हलवला आणि सगळं बिनचूक चालू लागलं. मी कारखान्यात असतानाच, अंधार पडताच, दिवे लागले.

त्या संध्याकाळी, हे मला नंतर त्यांच्या मुलाकडून कळलं, समोरच्या अंबुजाआक्का त्यांच्या ओसरीवर फुलं ओवत बसल्या होत्या. त्यांचं तंजावरकडचं मराठी तुला-मला निम्मंच कळायचं, तुझ्या आईला सगळं कळायचं. आपल्या बागेतले दिवे लागले म्हणजे हिचं काम आटोपलं, हे त्या दोघींनी न ठरवता ठरलेलं होतं. मग आक्का गजरा घेऊन यायच्या आणि दोघी पायरीवर बसायच्या. मी बसमधून उतरायचो तेव्हा त्यांचं बोलणं बहुतेक संपत आलेलं असायचं, त्यामुळे त्या काय बोलायच्या ते मला कधीच कळलं नाही. तर त्या दिवशी दिवे लागलेले पाहून आक्का उठल्या, रस्ता ओलांडून आल्या, आणि फाटकाशी उभं राहून त्यांनी "प्रमोदिनी" अशी हाक मारली. मग त्यांना कुलूप दिसलं.

मी आलो तेव्हा त्या ओसरीवर जाग्याच होत्या. तिथूनच म्हणाल्या, "काय हो राव, घरांत माणूस नाही आणि विळक्कु कशाला लावून जातां?" विळक्कु म्हणजे दिवा. मी सेन्सरचं सांगू लागलो. त्यांनी हात हलवून मला थांबवलं. "राहूं दे. मी वेडी. हाक गेली तोंडांतून." एवढं म्हणून त्या आत गेल्या. मी उगीचच बागेत उभा राहिलो. गेल्या आठ महिन्यांत तिचं नाव मी मोठ्याने घेतलं नव्हतं, सावनी. फाटकाशी उभं राहून तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सेन्सर काढायला सांगितला तेव्हा वेंकट चिडला. "चालत नाही म्हणून काढतात सार, चालतं म्हणून काढणारे तुम्हीच." माणसाच्या चाहुलीने लागणारा दिवा घ्या म्हणाला. मी नको म्हटलं, मांजरंच फार आहेत. शेवटी पॅरीज कॉर्नरच्या बाजाराजवळच्या गल्लीतल्या एका दुकानात मला रिमोट मिळाला, दारावरच्या घंटीच्या बटणाएवढा, रस्त्यापलीकडूनही चालणारा. आक्कांच्या ओसरीवरून मी तो तपासून पाहिला. एका खांबाआड चालत नाही, बाकी सगळीकडून चालतो. तो मी आक्कांपुढे ठेवला आणि म्हणालो, संध्याकाळी तुम्ही लावाल का?

त्यांनी तो उचलला नाही. "मी लावलें तर चालेल?" असं विचारलं. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून विचारलं असावं. मी म्हणालो, आक्का, दिवा कोणीतरी लावलेला असावा, एवढंच मला पाहिजे. मग त्यांनी तो पदराला पुसून घेतला. "वर्षभर सण नको, ते ठीक. तिन्हीसांजेचा दिवा चुकवूं नये," म्हणाल्या.

आता रोज त्याच लावतात. त्यांची तमिळ मालिका लांबली तर आपले दिवेही उशिरा लागतात. असला माल मी कारखान्यात परत पाठवला असता, इथे चालवून घेतो. घरात शिरलो की स्वयंपाकघरातलं बटण एकदा बंद करून पुन्हा लावतो, म्हणजे मी आलो हे त्यांना कळतं आणि त्या जेवायला बसतात. एकदा विसरलो, तर त्यांनी मुलाला, वादिराजला, बघायला पाठवलं. तो दारात उभा राहून म्हणाला, "अंकल, आई जेवायची थांबलीय, आधी दिवा बंद-चालू करा."

आता दुसऱ्या प्रश्नाचं. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. मी तो देणार नाही. आईच्या आठवणींसाठी मी घर धरून बसलोय असं तुला आणि पुष्कररावांना वाटेल. ती आता इथे नाही, हे मला कळतं. पण तुझ्याकडे मी आलो तर तू माझी काळजी घेशील, आणि मी नुसता ज्याची काळजी घ्यायची असा माणूस होऊन बसेन. इथे मी वेळेवर घरी आलो नाही तर एका बाईचं जेवण अडतं. फोनवर तुला नाही म्हणणं मला जमलं नसतं, म्हणून हे पत्र. माझ्यासाठी रंगवलेली खोली कुशलला अभ्यासाला दे. रागावली असशील तर रागाव, पण रविवारी फोन कर. मी दिवाळीत येईन. परतीचं तिकीट काढूनच येईन.

तुझाच,
बाबा