दोन वाटांचं विमान

ती. आईला वाकून नमस्कार,

अगं, झाली एकदाची माझी बदली! परवा पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानात काम केलं.

आपल्या देशातल्या छोट्या विमानांत मधून जायला एकच वाट. मी खाण्याची गाडी आणली की सगळे अडकून पडायचे. इथे दोन वाटा आहेत! खुर्च्या ऐसपैस, प्रत्येकाला उशी-पांघरूण, आणि आम्हाला आडवं व्हायला चिमुकली खोलीसुद्धा. तिला खिडकी नाही, कोंडल्यासारखं वाटलं, त्यामुळे झोप जरा उशिरा लागली, एवढंच.

तुझ्याच वयाच्या एक मावशी एकट्या होत्या. म्हणाल्या, "गुडघे धरलेत गं, पण उठायची भीती वाटते." मी त्यांचा हात धरला. एका वाटेने गेलो, दुसरीने परत आलो. पुढच्या फेरीला त्यांनीच माझा हात सोडला नि तुरुतुरु पुढे निघाल्या!

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

उतरताना मावशींनी विचारलं, "तुझी आई बसते का गं विमानात?"

"पुढच्या महिन्यात येणार आहे की माझ्याकडे," मी सांगून मोकळी झाले.

आई, आता मला खोटं पाडू नकोस.

बाबांना नमस्कार, तुला घट्ट मिठी.

तुझीच,
भिंगरी