एकतीस नंबरची फुंक

घाटकोपर, ४ डिसेंबर

प्रिय देवदत्त,

फोनच करणार होते. पण तू दोन वाक्यं गोड बोललास की माझा राग विरघळतो, हे तुला चाळीतल्या दिवसांपासून माहीत आहे. या वेळी तो मला टिकवायचा आहे, म्हणून कागदावर लिहिते आहे.

तुझं पुस्तक मिळालं. कुठल्या वयाच्या, किती उंचीच्या निरोगी मुलाची फुंक किती भरायला हवी, त्याचे तक्ते. पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात, 'अस्मिताला, जिच्या शाळेशिवाय हे झालं नसतं.' आमच्या टीचर्स रूममध्ये मी ते पान सगळ्यांना दाखवत फिरले, वेडी! परदेशातल्या मुलांच्या मापाने आपली मुलं किती दिवस मोजायची, असं तू तेव्हा तावातावाने सांगायचास आणि मला तुझे बाबा आठवायचे. गिरणीचा डॉक्टर दर वर्षी अनंतकाकांची छाती तपासायचा, कागदावर काहीतरी लिहायचा आणि 'ठीक आहे' म्हणून परत कापसाच्या धुळीत, खात्यात कामाला पाठवायचा. त्या कागदावर काय होतं, ते काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या तेराव्याला आमच्या गॅलरीत बसून तू त्या डॉक्टरला घातलेल्या शिव्या माझ्या अजून लक्षात आहेत. तू छातीचा डॉक्टर का झालास, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

म्हणून तर दोन वर्षांपूर्वी तुझ्यासाठी मी दारोदार फिरले. पोराच्या तोंडाला मशीन लावणार म्हटल्यावर आया बिचकल्या होत्या. मी एकेकीला बसवून तुझा फॉर्म वाचून दाखवला. 'काही कमी आढळल्यास पालकांना कळवू' ही ओळ तर दोनदा वाचायचे. आमच्या शाळेच्या फाटकासमोर भाजी विकणारी शेवंती शेवटपर्यंत ऐकूनही घेईना. म्हणाली, "बाय, तुमी सांगतास मां? मगे घाला आमच्या गार्गीचा नाव." आणि अंगठा नाही रे, चांगली सही केली तिने.

चव्वेचाळीस मुलं जमली. प्रत्येकाला नंबर दिला तो मीच, माझ्या वहीत आहे. गार्गीचा एकतीस. बाकीच्यांनी तीन-चारदा फुंकलं, तिला तू आठ वेळा फुंकायला लावलंस. मी दारात उभी होते. मला वाटलं, पोरगी लाजते आहे. तू मशीनकडे बघत राहिलास, काहीतरी लिहिलंस आणि मग "शाब्बास" म्हणून तिच्या हातात रंगपेटी दिलीस. ती उड्या मारत गेली.

यंदा ती सातवीत आली आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मधल्या सुट्टीनंतर रोज उशीर. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "म्हातारी झालीस का गं?" वर्ग हसला, तीही हसली. मला स्वतःची लाज वाटते, देवदत्त. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती जिन्यातच बसली ती उठेना, ओठ निळे पडलेले. बारा दिवस हॉस्पिटलात होती. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे दुखणं जुनं आहे, फुप्फुसं किती वेगाने खालावली ते कळलं तर औषध ठरवता येईल, आधी कधी मोजलं होतं का? मी ऐटीत म्हटलं, मोजलंय ना, माझ्या मित्राने!

घरी येऊन पुस्तक उघडलं. आमच्या शाळेची मुलं त्रेचाळीस. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, फारच कमी आल्यामुळे वगळलेल्या नोंदी. त्यात आमच्या शाळेचा एकच नंबर, एकतीस.

तू तिला यादीतून काढलंस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. निरोगी मुलांच्या तक्त्यात आजारी मूल नको, एवढं मलाही कळतं. पण ती निरोगी नाही हे तुला त्याच दिवशी कळलं होतं ना? मग एक फोन करायचा होतास. विसरलास, की एका पोरीवरून बाकीच्या आया बिथरतील आणि शाळा हातची जाईल, असं वाटलं? मी खूप कारणं शोधली तुझ्यासाठी. एकही पटत नाही. गिरणीच्या त्या डॉक्टरला तू माफ केलं नव्हतंस, आणि अनंतकाकांच्या मुलानेच हे करावं? तू मला फसवलंस. आणि माझ्या तोंडून शेवंतीला फसवलंस.

तिला अजून काही माहीत नाही. परवा भाजीची जुडी बांधता बांधता तिने विचारलं, "ता मशीन फुकल्यान तेवा बरा होता मां, बाय?" मी जुडी पिशवीत टाकली आणि फाटकातून आत शिरले. शनिवारी सकाळी अकरा वाजता मी तिला आणि गार्गीला घेऊन मुलुंडला तुझ्या दवाखान्यात येते आहे. गार्गीचा तो कागद शोधून ठेव, आठही फुंकांचा, डॉक्टरीणबाईंना तो हवा आहे. आणि शेवंतीच्या प्रश्नाचं उत्तर तू द्यायचं आहेस. तुझ्या वतीने मी तिच्याशी एकदा बोलले, आता पुन्हा बोलणार नाही.

इथे 'तुझीच' लिहायची इतक्या वर्षांची सवय आहे. आज हात होत नाही.

अस्मिता,
गार्गीची बाई