येताना वारा पाठीशी असतो

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? माझी पाठ शिवणयंत्रासारखी झाली आहे, तेल घातलं की चालते, पण कुरकुरत. पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर 'कधी येतेस' असं विचारलं की नेमकं तुझं दूध उतू जातं (एकट्या बाईला एवढं दूध लागतंच कशाला?), म्हणून लिहायला बसलो. पत्रात दूध उतू जात नाही.

दर वेळी तू म्हणतेस, "फार लांब पडतं रे." म्हटलं, किती लांब ते एकदा मापूनच टाकू. शिंप्याला आणखी काय येतं? दुकानातल्या कापायच्या टेबलावर लेकीच्या शाळेचा जुना नकाशा अंथरला आणि तुझ्या विमानतळापासून आमच्या विमानतळापर्यंत टेप लावला. वीतभर भरलं. (वीतभरासाठी एवढे नखरे!) बायकोने कपाळाला हात लावला आणि मला विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात पिटाळलं. तिथल्या मुलीने पडद्यावर विमानाची वाट दाखवली, तर ती सरळ जायचं सोडून वरच्या अंगाला फुगलेली! मी भडकलो. नवखं गिऱ्हाईक दिसलं की टॅक्सीवाला गावभर फिरवतो, त्यातलाच हा प्रकार, असं तोंडावर बोललो. त्या पोरीने पृथ्वीचा गोल पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "काका, आता इथे लावा टेप." (तो गळ्यातच राहिला होता.) लावून ताणला, तर टेप आपोआप त्याच वाकड्या वाटेने बसला. ढेरपोट्यांच्या कोटांची मापं घेण्यात जन्म गेला, पण पृथ्वीलाही पोट आहे हे काही डोक्यात आलं नाही.

असो. अंतर भरलं सात हजार किलोमीटरच्या वर. पण गंमत पुढेच आहे. इकडून तिकडे साडेनऊ तास लागतात आणि तिकडून इकडे आठच! मी म्हटलं, वाट तीच ना? तर म्हणाली, वर जोराचा वारा असतो, इकडे येताना तो पाठीशी असतो. म्हणजे मी यायचं तर वाऱ्याशी भांडत, आणि तू यायचं तर नुसतं बसून राहायचं, ढकलायचं काम वारा करणार. आता तूच सांग, कोणी कोणाकडे यावं?

ताई, दाजी गेल्यापासून तू तिकडे एकटी जेवायला बसतेस, हे रोज पानावर बसलो की मनात येतं. तुझ्यासाठी कोट बेतलाय, बाह्या जोडायच्या राहिल्यात. माझ्याजवळचं तुझं माप दाजी होते तेव्हाचं आहे. आता किती वाळलीस, ते फोनवर कळत नाही. फार आठवण येते गं.

तुझा,
धाकटा

ता. क. बायको म्हणते, भांडण लिहिलंत, मुद्दा राहिला. तर मुद्दा असा, की वाऱ्याशी भांडायचं ठरलं आहे. पुढच्या महिन्यात मीच येतोय. टेप हातातल्या पिशवीत असेल, विमानतळावरच माप घेईन.

आणखी एक. लांब पडतं हे निमित्त आहे, एकटीने निघायचा तुला धीर होत नाही, हे मला कळतं. म्हणून परतीची तिकिटं दोन काढली आहेत. दूधवाल्याला आत्तापासून सांगून ठेव.