थोरलीचे पहिले पाचशे किलोमीटर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या वेळी शोभेपुरता नाही. गेला महिनाभर मी गाडीखाली आडवाच आहे, फक्त तोंड वर आहे एवढाच फरक.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे बायको मजेत आहे. माझं वजन तीन किलोने उतरलंय, झोप उडालीय, आणि परवा दाढी करताना मागे कोण आहे हे बघायला वळलो तर कान कापून घेतला. बाकी सगळं ठीक.

आता मुद्द्यावर येतो. थोरली चालू झाली! (भाऊजी पत्र वाचतील म्हणून लिहितो: थोरली म्हणजे आमची जुनी गाडी. आम्हा दोघांच्याही आधी घरात आली म्हणून बाबा तिला थोरली म्हणायचे, आणि ताई 'मग मी कोण?' म्हणून भांडायची.) सव्वीस वर्षांपूर्वी तुझ्या हातात असताना पाण्याच्या टाकीच्या वळणावर तिचं इंजिन जाम झालं. बाबा पायी तिथे गेले आणि 'तुझ्या हाती दिली हीच माझी चूक' एवढं एकच वाक्य बोलले. पुढच्याच महिन्यात तू परगावची नोकरी धरलीस. बाबा गेले तेव्हा आलीस, ती त्याच संध्याकाळच्या गाडीने परत. साधी स्कूटरसुद्धा तू पुन्हा हातात धरली नाहीस. म्हटलं, थोरलीचं इंजिन नव्याने बांधून घ्यावं. ती रस्त्यावर आली तर ताईही घरी येईल. बाकी माझा काही स्वार्थ नाही. (तो आहे, पण त्याबद्दल नंतर.)

इंजिन बांधणारे मिस्त्री म्हणजे भारी माणूस. बोलतात कमी, ऐकतात जास्त, आणि ऐकतात तेही इंजिनाचं. एक लांब सळई इंजिनाला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. त्यांचं म्हणणं असं की नव्याने बांधलेल्या इंजिनात सगळे भाग एकमेकांना परके असतात, घासून घासून त्यांची ओळख व्हावी लागते. त्यासाठी पहिले पाचशे किलोमीटर सांभाळायचे. साठच्या वर जायचं नाही. एकाच वेगानेही जायचं नाही. चाळीसवर न्यायची, सोडायची, पुन्हा न्यायची. उभी ठेवून उगाच घुरघुरत ठेवायची नाही. गाडीत जास्त माणसं बसवायची नाहीत. आणि रोज एकाच माणसाने चालवायची. मी म्हटलं, मिस्त्री, माझ्याशिवाय आहे कोण चालवायला?

इथूनच सगळं बिनसलं बघ. पहिल्या दिवशी दुपारी गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्याने तीस किलोमीटर फिरवून आणली, शेडमध्ये लावली, कुलूप घातलं, किल्ली उशाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी आत बसायला गेलो तर गुडघे डॅशबोर्डला आपटले. सीट चार बोटं पुढे सरकलेली! माझे पाय ताडमाड, तुला माहीतच आहे. वाटलं, रुळाचे दात झिजले असतील. मागे सरकवली, निघालो. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुढे. चौथ्या दिवशी आरसाही खाली वळलेला. ताई, मोजपट्टी आणून मोजलं मी. पाच फूट एक इंच उंचीच्या माणसाला बसायला बरोबर पडेल अशी सीट, आणि त्याच माणसाला मागचा रस्ता दिसेल असा आरसा. आपल्या घरात पाच फूट एक इंच कोण होतं हे मी तुला काय सांगू!

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, भूत मेलेल्या माणसाचं असतं, तुमची ताई चांगली ठणठणीत आहे, गेल्याच महिन्यात फोन चालू ठेवून सिलिंडरवाल्याला झापत होती. पटलं मला. पण मग तूच सांग, तू दुपारी अडीच ते तीन काय करत असतेस? झोपतेस का? झोपत असशील तर काही दिवस जागी राहून बघ. (चेष्टा नाही करत.)

कारण खरा प्रकार वळणावर होतो. टाकीजवळ गाडी आली की आवाज बंद. इंजिन बंद नाही हं, काटा चालू, चाकं चालू, गाडी आपली पुढे जातेय, पण आवाज तेवढा नाही. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आपण कापसात गुंडाळल्यासारखे पुढे सरकतोय. त्या शांततेत शेजारच्या सीटवरून कोणीतरी दोनदा नाक ओढतं. सर्दीचं नाही. रडून झाल्यावर ओढतात तसं. मग आवाज परत येतो. रोज हेच. हे नाक ओढणं माझ्या चांगलं ओळखीचं आहे, कारण सव्वीस वर्षांपूर्वी आठवडाभर मी ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं आणि उशी कानावर दाबून घेतली होती. मी भित्रा नाही, पण सहाव्या दिवसापासून खिडकीच्या काचा उघड्या टाकून मोठमोठ्याने पाढे म्हणत जायला लागलो. एकोणतीसच्या पाढ्याला नेमकं वळण यायचं आणि माझी बोबडी वळायची.

शेवटी मिस्त्रींना शेजारी बसवून नेलं. म्हटलं, तुम्हीच ऐका. वळणावर आवाज गेला तसे ते ताठ झाले. डोळे मिटून बसले. वळण संपल्यावर हळूच विचारलं, साहेब, आपण दोघंच आहोत ना? मी म्हटलं, दोघंच. ते म्हणाले, इंजिन तिघांना ओढतंय. मग गाडी थांबवायला लावून उतरले आणि एवढं अवजड शरीर घेऊन रणरणत्या उन्हात चालत गॅरेजला गेले. मला हसू आलं. मग एकटाच गाडीत आहे हे लक्षात आल्यावर थांबलं.

तीनशे किलोमीटर झाले, तेल बदलायची वेळ आली. मिस्त्रींनी जुनं तेल काढलं, पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात बघितलं, लोखंडाचा कण नाही म्हणाले. पण त्यांची एक रीत आहे. तेल काढलं की गाडीची किल्ली ते स्वतःच्या गळ्यात अडकवतात आणि नवं तेल भरल्याशिवाय काढत नाहीत, देव आला तरी. का, असं मी उगीचच विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहत किल्ली सदऱ्याच्या आत सरकवली. मी तडक घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो.

तर एकंदरीत थोरली झकास झाली आहे. एकदा ये. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. स्वार्थाबद्दल नंतर लिहितो म्हणालो होतो. मिस्त्रींनी जुनं इंजिन उघडलं तेव्हाच सांगितलं होतं की कुठेही गळती नव्हती, तेल काढायचा खालचा बोल्ट घट्ट होता, आणि आत तेलाचा थेंब नव्हता. कोणीतरी तेल काढलं आणि भरलंच नाही. तेल संपल्याची खूण देणारा डॅशबोर्डवरचा दिवाही बिघडलेला होता, त्यामुळे चालवणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

ता. क. पुन्हा. ताई, तो कोणीतरी मी. बाबांना न सांगता गाडीची सर्व्हिस करून त्यांची शाबासकी मिळवायची होती. तेल काढलं, बोल्ट परत आवळला, नरसाळं आणायला शेजारी गेलो, तिथे कॅरमचा डाव लागला होता. तेवढ्यात तू किल्ली घेऊन निघालीस. संध्याकाळी तू रडत होतीस तेव्हा मी नव्या तेलाचा भरलेला डबा मागच्या गटारात रिकामा करत होतो. बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. तू काही बिघडवलं नव्हतंस. तुझ्या हातात काही खोट नव्हती. मी नीच आहे. तू ये, आणि तोंडावर काय बोलायचं ते बोल. उत्तराची वाट बघतो.

वन्सं, हे खालचं मी लिहितेय. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याकडे दिलं होतं, ते मी उघडून वाचलं. 'तू ये' म्हणे! सव्वीस वर्षं सोसलं तुम्ही, आणि आता यायचंही तुम्हीच? इंजिनाला लांबचा पल्ला हवा असं सांगून यांनाच तुमच्याकडे पिटाळतेय. पत्र चार दिवसांनी पोचेल, तोवर आपण भेटून परत येऊ, या हिशेबात लगेच तयार झाले. हे पाकीट माझं खासगी म्हणून यांच्या हाती दिलंय. आत काय आहे ते यांना ठाऊक नाही. आत्ता तुमच्यासमोर उभे असतील, गुडघ्याची चौकशी करत. पुन्हा एकदा पूर्ण वाचून झाल्याशिवाय आत घेऊ नका.