गुलाबाईच्या गाण्यातली एक ओळ

प्रिय निशा,

"बोलवत नसेल तर गाण्यात घाल, गाण्यावर कोणी रागवत नाही," असं आई तुला म्हणाली होती, आठवतं? काकूने सगळ्या पोरींसमोर तुला काळी म्हटलं होतं. तू गुलाबाईच्या मूर्तीसमोर बसून काकूच्या फुगलेल्या नाकावर गाणं रचलंस आणि पोरींनी ते तिच्याच दारात म्हटलं. काकूला हसावं लागलं, वर खाऊही द्यावा लागला.

तुझी तेजस्विनी गेल्यावर तू भिंतीकडे तोंड करून पडलीस, तेव्हा ते वाक्य मीच पुन्हा तुझ्या कानात घातलं. गोळ्यांनी तुला झोप यायची, पण बोलणं येत नव्हतं. मी आपल्या लहानपणच्या टिपऱ्या शोधून तुझ्या उशाशी ठेवल्या. एक दिवस तू लेकीच्या लाल रिबिनींवर दोन ओळी गुणगुणलीस आणि चहा मागितलास. ललितराव स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्या गाण्यांनी तुला उठवलं, हे मी कुणालाही सांगेन.

यंदा गल्लीतल्या पोरींना तूच गाणी शिकवतेस, हे कळलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. काल संध्याकाळी त्या आमच्या दारी आल्या. घरोघरी फिरून झालं की सर्वांत शेवटी आमच्याकडे यायचं, हे तूच ठरवून दिलंयस म्हणे. तू समोरच्या ओट्याशी उभी होतीस, हिरवी साडी नेसून. गाल भरलेत तुझे. मला इतकं बरं वाटलं की मी हात हलवला. तू टिपरीवर ताल धरलास आणि पोरींनी सुरुवात केली:

हर्षलदादा गाडीवर, मागे बसली ताई गं,
दादा आला माघारी, ताई आली नाही गं.

माझा हर्षल आतच होता. रिवाजाप्रमाणे पोरी खाऊ ओळखू लागल्या, गोड की तिखट, बर्फी की दराबा. मला उठवेना, म्हणून डबा घेऊन तोच लंगडत बाहेर गेला. शेजारची छोटी तृप्ती ओंजळ पुढे करून तिच्या अर्ध्या हिंदीत म्हणाली, "दादा, गाण्यातला हर्षल आप ही हो ना?" तो "हो" म्हणाला आणि तिला दोनदा दराबा दिला. तू पाहत होतीस. पोरींनी गाणं पुन्हा म्हणावं म्हणून तू टिपरी वाजवलीस.

आज सकाळी दाढी करताना तो तेच गाणं गुणगुणत होता. आपण काय गातोय ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. मी दाराआड उभी राहून ऐकलं. कॉलेज त्याने सोडलंय, जैनाबादच्या पुलावरून तो अजून जात नाही, हे तुला ठाऊक आहे. मी निशाशी बोलते म्हटलं, तर म्हणाला, "मावशी जेवायला लागली ना, मम्मी? मग राहू दे."

म्हणून त्याला न सांगता लिहितेय. कोजागिरीला गुलाबाई तापीत सोडायच्या आधी घाटावर तुम्ही हेच गाणं म्हणणार आहात, अख्ख्या गावासमोर. त्याचं नाव काढ, असं मी म्हणत नाही. केळीचा ट्रक उलट्या बाजूने आला होता, तेही घालू नकोस. पण ट्रकखालून तिला त्यानेच ओढून काढलं, मोडलेल्या पायाने पुलाच्या टोकापर्यंत उचलून आणलं. तिचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं. तू पोचलीस तेव्हा दोघांना एकमेकांपासून सोडवावं लागलं होतं, निशा, आणि ते तू स्वतःच्या हाताने केलंस. एवढी एक ओळ गाण्यात घाल म्हटलं, तर तू नाही म्हणशील. ती ओळ आली की रागवायला कोणी उरत नाही, आणि तू ज्यावर उभी आहेस तो रागच आहे, हे मला काल दिसलं. तो काढून घेतला तर तू पुन्हा भिंतीकडे वळशील, याची भीती मलाही वाटते. तरी मागते. एकच ओळ वाढव: दादाने उचलून आणली ताई गं.

तुझीच,
आक्का