मालक पुण्यात, कचरा पूर्व भागात

अण्णा, तुम्ही जाऊन वर्षं झाली, तरी आज तुमच्यावर राग आहे म्हणून लिहिते आहे. तुम्ही चौकातला बातम्यांचा फळा लिहायचात. फळा कापडवाल्या शेटजींनी दिलेला, खडू तुमचा. लिहून झालं की बाजार भरेपर्यंत फळ्याशेजारी उभं राहायचं, कुणाला राग आला तर त्यानं तोंडावर बोलावं, हा तुमचा शिरस्ता. एकदा तुम्ही शेटजींच्याच फळ्यावर लिहिलंत की शेटजी मापात मारतात. मी खाली त्यांच्या दिवाणजीवर एक झणझणीत ओळ वाढवली. तुम्ही सगळ्यांदेखत ती ओल्या फडक्यानं पुसलीत. "मालकाला बोलायची धमक नसंल तर खडू ठेव खाली. त्यो सांगितलेलं माप मोजतो की." मी त्या दिवशी जेवले नाही.

आता फळा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तो कुणाचा, हे कुणी विचारत नाही. नळाला पाणी कधी येणार, कोण वारलं, सगळं गाव एकाच पेजवर बघतं. ते पेज एका बिल्डरनं विकत घेतलं. तेव्हापासून त्याच्या इमारतींना रोज पाणी कसं, असं विचारलं की कॉमेंट गायब. मी माझ्या नावानं नीट, पुराव्यानिशी लिहिलं, तर कुत्रं फिरकलं नाही. मग चिडून लिहिलं, 'शहराचं तोंड विकत घेणाऱ्यांच्या दारात कचरा नेऊन ओता.' दुपारपर्यंत ते गावभर झालं.

लोकांनी खरंच ओतला. पण बिल्डर राहतो पुण्यात. लोकांना माहीत होतं ते पगारावर त्याचं पेज चालवणाऱ्या पोरीचं घर, गावाच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या मागांच्या शेडला लागून. मी गेले तेव्हा तिची सासू तेलुगूत पुटपुटत कुजकी भाजी हातानं गोळा करत होती. पोरगी म्हणाली, "मॅडम, मालकाला काय झालं नाही की. घरमालक आमाला खोली खाली करा म्हणतोय. लोक अजून येतेत. तेवढी पोस्ट काढा."

आणि बिल्डरनं माझीच पोस्ट माझ्या फोटोसकट आपल्या पेजवर टाकली. भांडणाला गर्दी जमते, गर्दीला त्याच्या फ्लॅटच्या जाहिराती दिसतात. मी दिलेली शिवीसुद्धा त्यानं विकून खाल्ली.

मी खाली नाव घातलं होतं, अण्णा. पण शेजारी उभं राहायचं म्हणजे कुठं, ते तुम्ही सांगून गेला नाहीत. तुमचं बरं होतं. वाचणारे तुमच्या समोर असायचे, कुणी धोंडा उचलला असता तर तुम्ही त्याचं मनगट धरलं असतं. मला कुणाचं मनगट दिसतं? तुमच्यावर राग काढणं सोपं आहे, तुम्ही उलटून बोलणार नाही, हेही कळतं मला.

हे कुठं पाठवायचं नाहीच. त्या पोरीला मी "काढते" म्हणून आले. पोस्ट अजून तिथंच आहे. माझं लिहिलेलं एवढ्या लोकांनी कधीच वाचलं नव्हतं, अण्णा. हे लिहितानाही मी ती मध्येच उघडून पाहिली.