उलटं पान

जून ३, सोमवार
आलो एकदाचे कुंभकोणमला. नातू श्रीकर रेल्वेत रूळ तपासायच्या कामावर. त्याची बदली झाली आणि तंजावूरहून मीही बोचक्यासारखी बरोबर आले. त्याची बहीण नित्या चेन्नैहून येऊन वही देऊन गेली, म्हणाली, आजी, रोज लिही, डोकं गंजणार नाही. तीन इयत्ता शिकलेल्या डोक्याला चकाकी होती कधी? पण लिहिते. घर भाड्याचं, पण झकास. पुढच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, चौघीजणी बसून गावाची निंदा करतील एवढी जागा. मागं भिंत, भिंतीपलीकडे रेल्वेलाइन. जेवायच्या खोलीत एक लाकडी खांब, त्याच्या बुडाशी पाटाएवढी फरशी झिजलेली. गावच्या कॉफीचं नाव मोठं आहे. आमचा दूधवाला ते बुडवणार.

जून ४, मंगळवार
आधी कावळ्याला, मग आपल्याला, ही आमची रीत. दुपारी मागच्या भिंतीवर भाताचा मुटका ठेवला. का का करून घसा सुकला, एक मेला फिरकेल तर शपथ. तंजावूरला भांडायचे! शेवटी वैतागून ओरडले, या घरचं उपाशी कुणीच नाही का रे? असेल त्यानं यावं, पोटभर जेवावं. चूळ भरून वळते तो मुटका गायब.

जून ६, गुरुवार, अमावास्या
आजही भात गेला. कावळा दिसला नाही. भिंतीवर बोटं उमटलीत, गंजासारखी तांबडी. श्रीकर म्हणाला, माकड असेल. म्हटलं, माकडं कधीपासून लोखंडाच्या कारखान्यात जायला लागली? हसला. मग इतका भात जेवला की माझ्यासाठी खरवड उरली, आणि उठताना म्हणतो, आजी, पोटात काही गेलंच नाही.

जून ८, शनिवार
मुटका ठेवला भिंतीवर, बोटं उमटली मागच्या पायरीवर. भर उन्हात रुळावर हातोडा वाजत होता. श्रीकरला विचारलं, तर या उन्हात लाइनीवर कुणी नसतं म्हणाला. त्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मुटका ठेवणं आजपासून बंद.

जून १०, सोमवार
बंद करून काय झालं? बोटं आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.
शेजारच्या अलमेलूला गाठलं. आपल्यातलीच, तंजावूरकडची मराठी, पण बोलणं मराठीत सुरू करते आणि तमिळमध्ये संपवते. तिच्या सासूनं सांगितलेलं तिनं मला सांगितलं. या घरात सरस्वती नावाची विधवा राहायची. तिचा एकुलता एक सुंदरराव याच लाइनीवर गँगमन होता. खडी ठोकायची, रूळ उचलायचे, दुपारी धावत घरी येऊन त्या खांबाशी जेवायचं. मोठी लढाई आली तेव्हा पलटणीला रूळ घालणारी माणसं हवी होती. गेला. मलायात जपान्यांच्या हाती सापडला, तर त्यांनीही रूळच घालायला लावले, फक्त जेवायला दिलं नाही. भुकेनं मेला. बरोबरचा एकजण परत आला, त्यानं सांगितलं, शेवटी दहीभात मागत होता.
आईनं मानलंच नाही. क्रिया नाही, पिंड नाही, कावळ्याला घास नाही. मरेपर्यंत रोज दुपारी खांबाशी त्याचं पान मांडायची, जिवंत माणसाचं.
म्हणजे तो मेला हे त्याला कुणी सांगितलंच नाही. आणि मी भवानी, जेवायला ये म्हणून ओरडले.

जून ११, मंगळवार
श्रीकरला म्हटलं, चल तंजावूरला. नको म्हणतो, इथं घरच्यासारखं वाटतं. आज तो आपणहून खांबाशी बसला. तो जेवतो आणि पोट दुसऱ्याच कुणाचं भरतं. गालफडं आत गेलीत.

बुधवार
श्रीकरची नखं तांबडी. घासून धुतली, जात नाहीत.
मला आई म्हणाला. त्याची आई जाऊन वर्षं झाली —

गुरुवार
उद्या सांगणार त्या सुंदररावला. जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला केळीच्या पानाचा शेंडा, मेलेल्याला उलटं पान. खांबाशी उलटं मांडीन, नाव घेऊन वाढीन. त्याच्या आईला जमलं नाही ते मी करीन. मी काय रडणार आहे त्याच्यासाठी?

शुक्रवार, दुपार
मांडलं. म्हटलं, सुंदरराव, तू मेलास. जेव आणि जा. श्रीकरचं पान लांब, दाराशी, सरळ.
दही आणायला आत गेले. येते तर — खांबाचं पान सरळ. श्रीकरचं उलटं. आणि तो त्यात हात घालतोय —
दंड धरून तिण्णैवर ढकलला, कडी घातली. दार बडवतोय. भूक लागली नाही गं, दार उघड, आजी, म्हणतोय. आजी म्हणाला. बरं झालं.
वाढलेलं पान रिकामं ठेवता येत नाही. उलट्या पानावर मीच बसले. उजव्या हातात पेन, म्हणून डाव्यानं जेवते, आता कोण बोलणार मला.
नित्या, श्रीकरला या घरात पुन्हा पाऊल —
खांबाशी कुणी बसलंय. बघत नाही मी.
माझ्या पानात दही वाढतोय. बोटं गार. गंजाचा वास. म्हणतो, आई, तूही किती दिवस उपाशी, जेव, मग दोघं —